प्लॅनरमधले खाडे: घरी शिकणाऱ्या दोन मुलांच्या नियोजन वहीच्या नोंदी (जून ते नोव्हेंबर २०२५)

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. थोरली १४ वर्षांची, धाकटा १० वर्षांचा. घरशाळेचं हे चौथं वर्ष. आजवर काम कागदाच्या चिठ्ठ्यांवर, फ्रिजच्या दारावर आणि माझ्या डोक्यात चालत होतं. यंदा थोरलीने एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) दहावीसाठी नाव नोंदवलं. मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, चित्रकला असे पाच विषय, परीक्षा एप्रिल २०२६ मध्ये. आता डोक्यात ठेवून भागणार नाही हे कळत होतं. मुलांना स्वतःचं काम स्वतः मांडता यावं म्हणून प्लॅनर करायला घेतला. काय जमलं नाही, किती पैसे आणि दिवस गेले ते दुसऱ्या पालकांच्या कामी यावं म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. राहतो पुण्यात, सिंहगड रस्त्याला.

२ जून, सोमवार

अप्पा बळवंत चौकातून दोन तयार डायऱ्या आणल्या. प्रत्येकी २८० रुपये. पुठ्ठा चांगला, कागद जाड, आत रेशमी फीत. मुलांनी आनंदाने नावं घातली.

९ जून, सोमवार

आठवडाभरात दोन्ही डायऱ्या बाजूला पडल्या. डायरी जानेवारीपासूनची, म्हणजे घेतल्या दिवशीच पाच महिने कोरे गेलेले. धाकट्याला ती कोरी पानं बघून वाटलं की आपण आधीच मागे पडलोय. हे मला दुकानात सुचायला हवं होतं.

दुसरी अडचण शनिवार-रविवारची. डायरीत दोघांना मिळून एकच पान. आमच्याकडे शनिवारी सकाळी वेताळ टेकडीवर झाडांच्या नोंदी असतात आणि रविवारी आजोबांबरोबर सुतारकाम. आमचे सगळ्यांत भरगच्च दिवस हेच, आणि जागा सगळ्यांत कमी.

तिसरं, तासांच्या रेघा. सकाळी ८ ते रात्री ८. थोरलीने ८ ते ९ गणित, ९ ते १० विज्ञान असं भरून टाकलं. पहिल्याच दिवशी गणित साडेदहापर्यंत चाललं आणि पुढचं सगळं पान खोटं ठरलं. घरी शिकण्याचा फायदाच हा की गणितात गोडी लागली तर घंटा वाजत नाही. त्या रेघांनी घंटा परत आणली.

५६० रुपये गेले. डायऱ्या कच्च्या कामाला ठेवल्या.

१४ जून, शनिवार

स्वतःच छापायचं ठरवलं. दोन रात्री बसून कॉम्प्युटरवर पानं आखली. ए-५ आकार, समोरासमोरच्या दोन पानांवर एक आठवडा, सातही दिवसांना सारखी जागा, तासांच्या रेघा नाहीत. १६ जूनपासून मार्चअखेरपर्यंत ४१ आठवडे, त्याची ८२ पानं. दहा महिन्यांची २० पानं आणि वर दोन कोरी. एकूण १०४ पानं, म्हणजे ए-४ चे २६ कागद पाठपोट.

झेरॉक्सच्या दुकानात पहिला गठ्ठा निघाला तो मागची बाजू उलटी घेऊनच. एका कागदावर दोन पानं आडवी बसवली की प्रिंटरला पाठ कुठल्या कडेने पलटायची ते सांगावं लागतं. मी लांब कड सांगितली होती, हवी होती आखूड कड. चूक माझी, त्यामुळे पैसे मीच दिले. एका बाजूचे २ रुपये धरून ५२ बाजूंचे १०४ रुपये पाण्यात. आधी एकच कागद काढून, हातात उलटसुलट करून बघा आणि मगच गठ्ठा सोडा.

दोन चांगल्या प्रतींचे २०८, वायरो बाइंडिंगचे प्रत्येकी ७० प्रमाणे १४०. उलटा गठ्ठा धरून आजचा खर्च ४५२ रुपये.

१६ जून, सोमवार

शाळा आज सुरू झाल्या, आम्हीही आजच सुरुवात केली. धाकट्याने रात्री पान दाखवलं. सहा ओळी: पाढे, वाचन, तबला, इंग्रजी, सूर्यनमस्कार, झाडांना पाणी. सगळ्यांपुढे बरोबरची खूण. थोरलीच्या पानावर पाच विषयांची पाच नावं. मीही खूश.

२२ जून, रविवार

शुक्रवारी दोन्ही पालख्या पुण्यात आल्या, आज सकाळी निघाल्या. शुक्रवार-शनिवार आम्ही वारकऱ्यांना चहा द्यायच्या कामात होतो. मुलांनी आनंदाने केलं, भरपूर शिकली. वहीत मात्र या दोन दिवसांच्या कामांपुढे नुसते बाण. राहिलेलं काम बाण काढून पुढच्या दिवसावर ढकलायचं ही पद्धत मीच सांगितली होती. आज रविवारच्या रकान्यात थोरलीची ११ कामं जमली आहेत. ती वही उघडायलाच तयार नाही.

पालखी कधी येणार ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतं, वहीच्या महिन्याच्या पानावर नव्हतं. छापताना मी सण घातलेच नव्हते. वर्षाच्या आखणीत ४१ आठवडे धरले ते कागदावरचे. गणपती, दिवाळी, लग्नकार्य, आजारपण आणि शेवटची उजळणी वजा केली तर नव्या धड्यांना ३२ च उरतात. धडे ३२ ने भागायला हवे होते.

५ जुलै, शनिवार

ही नोंद लिहायला जड जातंय, पण ती गाळली तर बाकीच्या नोंदींना अर्थ राहणार नाही.

थोरली चित्रकलेच्या क्लासला गेली होती. मी तिची वही उघडली. "विज्ञान धडा २ उत्तरं" हे काम सलग नऊ दिवस बाणावर बाण घेत पुढे सरकलेलं दिसलं. मी लाल पेनाने त्याच्याभोवती गोल केला आणि लिहिलं, "हे का राहिलं?" आणखी दोन ठिकाणी खुणा केल्या. एका ठिकाणी अक्षराबद्दल लिहिलं.

ती आली, वही बघितली, काही बोलली नाही.

८ जुलै, मंगळवार

तीन दिवस तिची वही कोरी आहे. रात्री भांडी आवरताना विचारलं. ती म्हणाली, "आई, ती वही माझी आहे की तुझी?"

मी माफी मागितली. शाळेतून काढताना आम्ही तिला सांगितलं होतं की आता तुझ्या वहीवर कुणी शेरे मारणार नाही. ते मीच मोडलं. लाल पेनाची ती पानं तिने फाडली, मी काही म्हटलं नाही.

मग दोघींनी बसून ठरवलं. वही ज्याची त्याने उघडायची. रविवारी संध्याकाळच्या चहानंतर सगळ्यांनी आपापली वही घेऊन बसायचं आणि जे वाचून दाखवावंसं वाटेल ते वाचायचं. परीक्षेच्या आणि फॉर्मच्या तारखा मात्र घरातल्या सगळ्यांच्या, त्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर राहतील. रोजचं काम खाजगी, तारखा सामायिक.

ते नऊ दिवसांचं कामही याच बोलण्यात सुटलं. तिला धड्यामधले प्रश्न सोडवायचे की धड्याखालचे, हे ठरवता येत नव्हतं. विचारायचं राहून जात होतं. मी आळस समजले, प्रत्यक्षात काम नीट लिहिलेलं नव्हतं.

१३ जुलै, रविवार

पहिली रविवारची बैठक. आजची सगळ्यांत कामाची गोष्ट माझ्या सासूबाईंनी शिकवली.

धाकटा कुरकुरत होता. रोज रात्री तीच सहा कामं लिहून त्याचा हात दुखतो आणि पंधरा मिनिटं जातात. आजी तेव्हा कॅलेंडरवर दुधाचा हिशेब बघत होत्या. त्याने विचारलं, "आजी, तू रोजचं दूध का नाही लिहीत?"

"अरे, रोजचं येतंच की. आलं नाही तर खाडा मांडायचा. महिनाअखेर खाडे वजा केले की हिशेब झाला."

मी चहाचा कप ठेवला आणि वही पुढे ओढली (त्याला विचारून). रोजची कामं रोज लिहायचीच कशाला? वहीच्या पहिल्या पानावर सहाही कामं एकदाच लिहिली. आता दिवसाच्या रकान्यात फक्त त्या दिवसाचं वेगळं काम यायचं. रोजचं एखादं चुकलं तर कोपऱ्यात "ख" आणि त्या कामाचं नाव. ख म्हणजे खाडा. दूधवाल्यावर त्यासाठी कुणी रागवत नाही, हिशेबापुरती ती नोंद. धाकट्याला हे लगेच पटलं.

त्याच्या सहा ओळींच्या दोन झाल्या, आणि त्या दोनांत त्याच्या मनातलं काम आलं. परवा, ११ जुलैला, मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्याची बातमी त्याने ऐकली. त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे हे ऐकून त्याला नकाशा हवा झाला. आज त्याने स्वतः पहिलं काम लिहिलं: "१२ किल्ले नकाशावर. समुद्रातले निळे." महिनाभरात त्याच्या वहीत मी न सांगितलेलं काम पहिल्यांदाच दिसलं.

२० जुलै, रविवार

जाड वह्या बंद केल्या. पाच आठवड्यांत आखणी तीनदा बदलली, पण पुढची पानं छापून बांधलेली. धाकटा म्हणाला, "ही संपतच नाही." त्याचं बरोबर आहे. दहा वर्षांच्या मुलाला मार्च महिना कसला दिसतोय!

आजोबांनी तोडगा काढला. त्यांच्या लहानपणी दर जूनमध्ये जुन्या वह्यांतली उरलेली कोरी पानं काढून घरीच वह्या शिवायचे. त्यांनी दाभण आणि मेण लावलेला दोरा काढला. आम्ही सहा आठवड्यांची छोटी वही केली:

२० पानं, म्हणजे ए-४ चे ५ कागद मधोमध दुमडून. पान १ वर नाव आणि रोजची कामं, २ ते ५ दोन महिने, ६ ते १७ सहा आठवडे, शेवटची तीन कोरी. सगळ्यांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला २० आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि १९. सगळ्यांत आतल्यावर १२ आणि ९, पाठीवर १० आणि ११. हे न चुकायला आधी कोऱ्या कागदांची छोटी वही दुमडून त्यावर पेन्सिलने आकडे घाला, मग उलगडून बघा. आम्ही तसं केलं आणि या वेळी एकही कागद वाया गेला नाही.

घडीवर तीन भोकं. दोरा मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, मधल्यातून परत बाहेर, आणि गाठ. मुलांनी आपापली वही स्वतः शिवली. धाकट्याचा दोरा दोनदा सैल राहिला, तिसऱ्यांदा घट्ट बसला. आजोबांनी जुजबंदी, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे अनेक गठ्ठे (जुज) एकत्र शिवणं, तेही दाखवलं, पण एवढ्या पातळ वहीला एक जुज पुरतं.

खर्च: छपाई २० रुपये, कव्हरचा कार्डशीट १० रुपये. एका वहीचे ३० रुपये, वेळ ४० मिनिटं. याआधी १,०१२ रुपये घालवून बसले होते.

२७ जुलै, रविवार

खाड्याची पद्धत थोरलीला लागू केली आणि आठवड्यात फसली. रविवारी तिची पानं बघावीत तर एकही खाडा नाही. तिनेच सांगितलं की चार दिवस वही उघडलीच नव्हती. दूध आलं नाही तर आजींना सकाळी चहाला कळतंच. वही उघडली नाही तर काहीच कळत नाही, आणि कोऱ्या रकान्याचा अर्थ "सगळं झालं" असा निघतो.

उपाय साधा निघाला. रात्री वही बघितली की तारखेभोवती गोल काढायचा. गोल नसेल तर तो दिवस मोजायचाच नाही. एवढ्यावर काम भागलं.

३ ऑगस्ट, रविवार

दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, विषयाचं नाव लिहायचं नाही. "गणित" असं लिहिलेलं काम कधी संपत नाही आणि कुठून सुरू करायचं तेही कळत नाही. "वर्गसमीकरणं, १ ते ८, वहीत" असं लिहिलं की बसल्याबरोबर हात चालतो. काम वाचून कुठलं पुस्तक उघडायचं आणि कुठे थांबायचं हे दोन्ही कळलं पाहिजे. नऊ दिवस सरकलेलं ते काम याच कसोटीवर पडलं असतं.

दुसरी, प्रत्येक कामापुढे दोन छोटे आकडे: किती वेळ लागेल वाटतं, आणि किती लागला. दोन आठवडे दोघांनी मांडले. धाकट्याला दहा गणितांना १५ मिनिटं वाटली होती, लागली ४०. थोरलीला विज्ञानाचा एक धडा वाचून टिपणं काढायला एक तास वाटला, लागले दोन तास वीस मिनिटं. तिची दोन आठवड्यांची बेरीज: वाटलेले १२ तास, लागलेले २१. पावणेदोनपट.

हे आकडे बघून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाहीये. मी जास्त लिहून ठेवत होते." दोन महिने ती रोज रात्री अपुरं पान बघून झोपत होती आणि मला ते कळलं नव्हतं. आता ती दिवसाला तीनच नवी कामं लिहिते. तिसरं संपलं तर चौथं घ्यायला कुणाची ना नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आमच्या ओळखीच्या एका घरशाळेतल्या १२ वर्षांच्या मुलासाठी हीच वही करून दिली होती. त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला-लिहायला अवघड जातं. तीन आठवड्यांत त्याने चार ओळी लिहिल्या. त्याच्या आईला वाटलं तो टाळतोय. मीही आधी तसंच समजले असते, म्हणून दोघी त्याच्याशी बोललो. त्याला काम करायचं असतं, लिहिताना त्याची दमछाक होते. म्हणजे मदतीचं साधनच त्याच्यावर जास्तीचं काम होऊन बसलं होतं.

त्याच्यासाठी वही सोडून दिली. जाड पुठ्ठ्यावर सात कापडी खिसे शिवले, वाराचा एक. कामांच्या चिठ्ठ्या चित्रांसकट आईने एकदाच लिहिल्या. तो आदल्या रात्री चिठ्ठ्या उचलून उद्याच्या खिशात घालतो, झालं की खालच्या डब्यात टाकतो. खाडा म्हणजे खिशात उरलेली चिठ्ठी. आठवडा होत आला, चाललंय. दिवस त्याचा तो मांडतो, एवढंच हवं होतं.

७ सप्टेंबर, रविवार

गणपतीचे अकरा दिवस, २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, आधीच महिन्याच्या पानावर तिरक्या रेघांनी भरून ठेवले होते. त्या दिवसांत एकही नवं काम लिहिलं नाही. बाण नाहीत, साचलेलं काही नाही. काल विसर्जन झालं, उद्या सुरुवात.

पहिली छोटी वही संपली होती तिचे खाडे आज मोजले. धाकट्याचे सहा आठवड्यांत तबल्याचे ८ खाडे, त्यातले ५ गुरुवारी. गुरुवारी संध्याकाळी पोहायला जातो, दमून येतो. रियाज गुरुवारपुरता सकाळी घेतला. एरवी मी "तबल्याकडे दुर्लक्ष करतोस" म्हणून मोकळी झाले असते.

थोरलीचे इंग्रजी वाचनाचे ११ खाडे, कुठल्याही वारी. कारण वार नव्हे, पुस्तक होतं. तिला ते आवडत नव्हतं. दुसरं घेतलं.

१४ सप्टेंबर, रविवार

टीएमएमध्ये घोटाळा झाला. एनआयओएसमध्ये प्रत्येक विषयाचा २० गुणांचा टीएमए, म्हणजे घरी लिहून द्यायची उत्तरं असतात, आणि त्या विषयाच्या थिअरीच्या गुणांत त्याला २० टक्के वजन असतं. पाच विषयांचे पाच. आम्ही घरची मुदत ३१ डिसेंबर धरली होती. ती तारीख कॅलेंडरवर होती, पण डिसेंबरच्या पानावर! सहा आठवड्यांच्या वहीत डिसेंबर येतच नाही. छोट्या वहीचा हा तोटा मी ध्यानात घेतला नव्हता. पहिली वही उलटून गेली तरी टीएमएची एक ओळही लिहिली गेली नव्हती.

शेवटच्या कोऱ्या पानावर "लांबचं" असं शीर्षक घालून पाचही टीएमए लिहिले. नवी वही शिवली की हे पान सगळ्यांत आधी उतरवायचं, बाकी काही लिहिण्याआधी. पण पाच ओळी नुसत्या उतरवून काम कसं होणार, ते कोडं होतंच. तिला डिसेंबर अजून लांब वाटतो. समजावून काही उपयोग झाला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

धाकट्याला दिवाळीत राजगड करायचाय. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तिन्ही माच्या, मधे बालेकिल्ला. मागच्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी माती आणली आणि अळीव उगवलंच नाही, किल्ला भाऊबीजेपर्यंत बोडका. यंदा तो स्वतःच म्हणाला, वहीत मांडू.

वसुबारस १७ ऑक्टोबरला. त्या दिवशी किल्ला हिरवा हवा. त्याने तिथून मागे मोजायला सुरुवात केली. अळीव नीट दिसायला पाच-सहा दिवस, म्हणजे ११ ला पेरायचं. त्याआधी मातीचा लेप वाळायला दोन दिवस, म्हणजे ९ ला लेप. त्याआधी दगड-विटांचा सांगाडा आणि पोती, ७ आणि ८ ला. माती ६ ला, म्हणजे उद्याच. आज बसून चित्र काढलं नाही तर सगळं सरकतं. बोलता बोलता तो उठलाच आणि कागद घेऊन आला.

थोरली शेजारी बसून ऐकत होती. तिने आपली वही उघडली आणि "लांबचं" या पानावर मराठीच्या टीएमएखाली मागून मोजायला सुरुवात केली: तपासून घ्यायचं, त्याआधी पक्कं लिहायचं, त्याआधी कच्चं, त्याआधी धडे पुन्हा वाचायचे. प्रत्येकापुढे तिचे अंदाजाचे तास, आणि ते पावणेदोनपट करून. पहिली पायरी आली ती ८ ऑक्टोबरवर. मी तीन आठवडे जे सांगत होते ते धाकट्याच्या अळिवाने झालं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पाऊस. ९ ला घातलेला लेप वाळला नाही, १० च्या रात्री वाहून गेला, संजीवनी माची खचली. धाकटा रडला. मग वहीत ९ तारखेला "ख, लेप, पाऊस" लिहून त्याने ११ ला पुन्हा लेप घातला, वर प्लॅस्टिकचा कागद ताणला. अळीव १३ ला पडलं. आज नुसते कोंब दिसतायत, उद्या हिरवळ होणार नाही, लक्ष्मीपूजनाला होईल. पुढच्या वर्षीसाठी त्याने शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय: "पावसाचे ३ दिवस जास्त धरायचे."

मावळे कुंभारवाड्यातून, १४० रुपये. माती, पोती घरची.

२ नोव्हेंबर, रविवार

मराठीचा टीएमए पक्का लिहून झाला. कच्च्याला सव्वातीन तास धरले होते, लागले तीन. तिचा अंदाज आता पावणेदोनपट करायची गरज कमी होत चालली आहे. मराठीत तरी. विज्ञानात अजून फरक मोठा आहे, आकृत्यांना लागणारा वेळ ती धरतच नाही. आकृतीला वेगळी ओळ लिहायची असं तिने ठरवलंय.

दिवाळीचा आठवडा तिरक्या रेघांत होता. मीच मधे दोनदा "थोडंसं गणित करून घे" म्हटलं. तिने वही उघडून रेघा दाखवल्या. मी गप्प बसले.

२३ नोव्हेंबर, रविवार

तिसरी वही आज संपली, चौथी शिवली. उद्यापासून ४ जानेवारीपर्यंत. टीएमएची घरची मुदत आता वहीच्या आत आली आहे. मराठी आणि इंग्रजीचे झाले, गणिताचा कच्चा झाला, विज्ञान आणि चित्रकला बाकी.

चौथ्या वहीत मुलांनी केलेले बदल: थोरलीने वेळेचे दोन आकडे फक्त विज्ञान आणि गणिताला ठेवले, बाकीच्यांचे काढून टाकले. धाकट्याने रोजच्या कामांतून सूर्यनमस्कार काढले, कारण १३ ऑक्टोबरपासून त्याचा एकही खाडा नाही आणि आता ते लिहायची गरज त्याला वाटत नाही. मला धाकधूक वाटते, पण वही त्याची आहे. सहा आठवड्यांनी विचारीन.

न सुटलेलं एक: धाकटा रात्री वही बघायला अजून विसरतो. आठवड्यात सरासरी दोन दिवसांचे गोल काढायचे राहून जातात. ताटं वाढायच्या आधी वही, असा प्रयोग उद्यापासून. कापलेल्या कागदांचे दोन गठ्ठे तयार आहेत. दोऱ्याचं रीळ संपत आलंय, ते रविवार पेठेतून आणायचं, थोरलीने बुधवारच्या रकान्यात लिहिलं आहे.